ब्रॅकेटमागचा नंबर

अप्पा "घेऊन टाका" म्हणाले, तेव्हाच सरांना शंका यायला हवी होती.

अप्पा म्हणजे सरांचे सासरे. टूथपेस्टची नळी संपली की ती कात्रीने उभी चिरून आणखी चार दिवस काढणारा माणूस. त्यांच्या घरात वस्तू विकत घेतली जात नसे. जुनी दुरुस्त होत असे, आणि ती अगदीच कामातून गेली तर तिच्या सुट्या भागांतून दुसरी दुरुस्त होत असे. अशा माणसाने मोबाइलच्या पडद्यावर भिंग धरून पाऊण तास तीन चित्रं न्याहाळली, मधेच "या ब्रॅकेटची रुंदी कुठे लिहिलीय का?" असं विचारलं, आणि तिन्हींतल्या सर्वांत महागड्यावर बोट ठेवून म्हटलं, "हे. हे घेऊन टाका, जावईबापू."

सर इतके हादरले की त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्यातून ऐकू येत नाही हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला माहीत असतं, पण त्या क्षणी ते त्यांना आठवलं नाही.

चित्रं होती गाडीच्या इंजिनाला लावायच्या पुल्यांच्या संचांची.

गाडी एकतीस वर्षांची. कागदोपत्री ती सासूबाईंची, कारण त्यांच्या टेलिफोन कचेरीतून मिळालेल्या कर्जावर घेतलेली. पण चालवायचे अप्पा, म्हणून सगळ्यांच्या तोंडी ती अप्पांची गाडी. अप्पांची नजर अधू झाल्यापासून सर चालवत. अप्पा-सासूबाई त्याच इमारतीत तळमजल्यावर, सर आणि त्यांची बायको दुसऱ्यावर, आणि गाडी मधल्या अंगणात कापडी झाकणाखाली. दर रविवारी सासूबाईंना गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या बहिणीकडे न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच तिचं काम. तिथे पोचल्यावर चपला काढता काढता सासूबाई एक वाक्य बोलत. ते सर लग्न झाल्यापासून ऐकत आले होते.

"यांनी गाडी अशी जपलीय ना, अजून कंपनीचंच इंजिन आहे. एकदाही उघडावं लागलं नाही."

असं म्हणून त्या अप्पांकडे बघत, आणि अप्पा जमिनीकडे बघत. सरांना सासऱ्यांच्या या विनयाचं फार कौतुक वाटे.

या वर्षी गाडीच्या कागदांची मुदत संपत होती. महिनाअखेरपर्यंत तपासणीत पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही तर थेट भंगारात. आणि ती पास होण्यासारखी नव्हती, कारण ती किंचाळत असे. इंजिनाच्या पुढच्या अंगाला तीन पट्टे होते. एक पंखा आणि पाण्याचा पंप फिरवी, दुसरा डायनामो, तिसरा स्टिअरिंगचा पंप. गाडी सुरू केली की तिघे एकदम सूर लावत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याबद्दल दोनदा लेखी विचारणा केली होती, आणि दुसऱ्या पत्रात 'प्राण्यास इजा होत आहे काय?' असा खुलासा मागितला होता.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाहिलं आणि लगेच मिटलं.

"सर, नुसते पट्टे बदलून उपयोग नाही. पुल्याच झिजल्यात. नवे पट्टेसुद्धा आठ दिवसांत गायला लागतील. त्यापेक्षा अख्खा संच बसवा. पुल्या नव्या, ब्रॅकेट नवं, तीन पट्ट्यांच्या जागी एकच लांब पट्टा, आणि तो ताणून धरायला स्प्रिंगची पुली. गाड्यांचे शौकीन लावतात."

"मी शौकीन नाही हो."

"ते दिसतंच," मिस्त्री म्हणाले.

हे वाक्य सरांना लागलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत रसायनशास्त्राच्या बाई सहज म्हणाल्या, "मिस्त्रीकडून बसवून घ्या, आपल्याला कुठलं जमतंय," ते त्याहून लागलं. सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "चोवीस वर्षं मी पुल्या शिकवतोय." बोललेलं गिळता येईना. संच स्वतः बसवणं भाग पडलं.

पार्सल आलं. खोक्यात आरशासारख्या चकचकीत पाच पुल्या होत्या, त्या इंजिनावर धरून ठेवणारं परातीएवढं ब्रॅकेट होतं, चौऱ्याहत्तर बोल्ट एकाच पिशवीत होते, आणि सूचनांचा कागद पोस्टकार्डाएवढा होता. त्यातला अर्धा भाग 'हे काम जाणकारानेच करावे' या वाक्याने व्यापला होता. सरांनी ते वाक्य वाचलं, मान डोलावली आणि बाह्या सरसावल्या.

जन्मभर सरांनी फळ्यावर ज्या पुल्या काढल्या, त्या सगळ्या 'वजनरहित आणि घर्षणरहित' होत्या. परीक्षेत तसं लिहिलेलंच असतं. त्यांच्या आयुष्यातली पहिली खरी पुली उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. सर एका पायावर नाचत असताना पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्याला निघाल्या होत्या. त्या थांबून म्हणाल्या, "सर, अंगठा मला दाखवून उपयोग नाही, पण ओरडताना मागची दाढ दिसली. ती दाखवायला या."

बसवण्याआधी सरांनी इंजिन रॉकेल आणि ब्रशने घासून लख्ख केलं. नव्या पुल्यांशेजारी एकतीस वर्षांचा काळा चिकट थर त्यांना बघवेना. हे चाललेलं असताना अप्पा काठी टेकत तीनदा अंगणात आले.

"एवढं घासू नका, जावईबापू. तो थर इंजिनाला ऊब देतो."

"अप्पा, इंजिनाला ऊब नको असते. ते थंड ठेवायचं असतं."

"मग निदान ब्रॅकेट आधी बसवा, घासायचं नंतर बघा."

घासून झाल्यावर आपण गंज पुसायला बसतो असं ते स्वतःहून म्हणाले, आणि फडकं घेऊन इंजिनाच्या पुढच्या भागाशी बराच वेळ असे उभे राहिले की सरांना तिथलं काही दिसेना. ब्रॅकेटचे बोल्ट मात्र त्यांनी भराभर हातात दिले. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ही तडफ! सर गहिवरले.

मग पट्ट्याची पाळी आली. संचातला पट्टा पुल्यांवरून घातला तर तो सैल लोंबकळू लागला. सरांनी दोरा घेऊन अंतर मोजलं, तीनदा मोजलं, सरासरी काढली. पट्टा अकरा सेंटिमीटर जास्त निघाला. कंपनीच्या चुकीने त्यांना धक्का बसला, पण थोडं बरंही वाटलं. त्यांनी कंपनीला आकृतीसह दोन पानी पत्र पाठवलं, त्यात 'आपल्या अभियंत्यांनी शालेय भूमिती पुन्हा पाहावी' असं नम्रपणे सुचवलं, आणि बाजारातून अकरा सेंटिमीटर आखूड पट्टा आणला. तो नेमका बसला. सरांनी बायकोला बोलावलं, बायकोने सासूबाईंना, सासूबाईंनी सेक्रेटरींना, आणि सरांनी किल्ली फिरवली.

गाडी किंचाळली नाही! इंजिन सुतासारखं चालू लागलं. अंगणात टाळ्या पडल्या. चार मिनिटांनी गाडीच्या पुढच्या जाळीतून गरम वाऱ्याचा झोत बाहेर आला आणि सेक्रेटरींच्या हातातली नोटीस उडून गेली. सातव्या मिनिटाला पाणी उकळून वाफेचा असा लोट उठला की सरांची बायको "अहो!" म्हणून ओरडली आणि सेक्रेटरी, पदाचा विचार न करता, पळत सुटले.

"एरवी आत ओढतो, आज पंखा फुंकतोय वाटतं," सासूबाई खुर्चीवरून न उठता म्हणाल्या. "आवाजच उलटा येतोय."

सासूबाईंच्या कानांबद्दल थोडं सांगायला हवं. बत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन कचेरीत लोकांचे फोन जोडून दिले होते. इमारतीतल्या प्रत्येकाला त्या पावलांवरून ओळखत. जिन्यात कोण रागावून चढतंय आणि कोण नुसतं दमलंय, हे त्यांना घरात बसून कळे. पण इंजिनाच्या बाबतीत सर त्यांचं ऐकणार नव्हते. ते कागद-पेन्सिल घेऊन वर गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून, सासूबाईंच्या दुपारच्या झोपेची वेळ साधून, त्यांनी गुपचूप मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी वाकून एकदाच पाहिलं.

"पट्टा कुणी आणला हा?"

"मी. कंपनीचा चुकला होता."

"कंपनीचा बरोबर होता, सर. रस्ता तुमचा चुकला. पंपाला पट्टा बाहेरून गुंडाळायचा, दात्यांची बाजू पुलीवर. तुम्ही आतून नेलाय. पाठ घासतेय, म्हणून पंप उलटा, म्हणून पंखा उलटा. अकरा सेंटिमीटर त्यातच वाचले तुमचे."

चोवीस वर्षं! दोन पुल्यांवरचा पट्टा सरळ आणि तिढ्याचा, कुठल्या वेळी पुली कुठल्या दिशेने फिरते, हे सरांनी चोवीस वर्षं नववीच्या वर्गाला विचारलं होतं, आणि चुकणाऱ्यांना बाकावर उभं केलं होतं. आता ते स्वतः अंगणात उभे होते. मिस्त्रींनी वीस मिनिटांत कंपनीचा पट्टा चढवला, मधली पुलीही सरळ करून दिली, आणि हात पुसत म्हणाले, "कुणाला सांगत नाही." घरात सरांनी एवढंच सांगितलं, "चूक सापडली." वाक्य खरं होतं. कुणाला सापडली, हे कुणी विचारलं नाही.

तपासणीच्या मैदानात गाडी डौलात उभी राहिली. अप्पा सोबत यायचा हट्ट धरून आले होते. निरीक्षकांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, बॉनेट उघडून पुल्यांत स्वतःचा भांग पाहिला.

"झकास. आता इंजिन नंबर दाखवा."

सरांनी कागदांत बघून नंबर वाचला.

"कागदावरचा नको. इंजिनावरचा. या जातीच्या इंजिनाला तो पुढच्या बाजूला ठोकलेला असतो, इथे." त्यांचं बोट चकचकीत ब्रॅकेटवर टेकलं. "तुम्ही तर त्यावर झाकण बसवलंय."

"ते झाकण नाही, ब्रॅकेट आहे."

"मग ते काढून दाखवा."

"काढलं तर गाडी चालणार नाही."

"चालवून दाखवायचीच आहे. फेरी बाकी आहे अजून." निरीक्षक शांतपणे म्हणाले. "नियम सोपा आहे, साहेब. चालू गाडी आणि दिसणारा नंबर, दोन्ही एका वेळी. शनिवारी या. शनिवार शेवटचा दिवस आहे."

"मागच्या खेपेला कसं झालं होतं?" सरांनी अप्पांना विचारलं.

"मागच्या खेपेला तिथे तेलाचा थर होता. ते साहेब म्हणाले, हात कोण घाण करतंय, आणि कागदावरूनच लिहून घेतलं," अप्पा म्हणाले. का कोण जाणे, ब्रॅकेटवरून हात फिरवताना त्यांचा चेहरा समाधानी दिसत होता. "न दिसणारा नंबर ते कसा बघणार? कंटाळतील आणि सोडून देतील."

पण सरांना नियमातून वाट काढायची नव्हती, नियम पाळायचा होता. शुक्रवारी सकाळी सरांच्या विनंतीवरून डॉक्टरीणबाई दातांचा लांब दांड्याचा आरसा घेऊन, कपाळावर दिवा आणि हातमोजे घालून अंगणात उतरल्या. ब्रॅकेट आणि इंजिन यांच्यात बोटभर फट होती.

"नको, नको," अप्पा काठी आपटत आले. "बाईमाणसाने यात हात कशाला घालायचा? पट्टा सुटेल. शिवाय नंबर बघून करायचंय काय? आहे तो आहे!"

"अप्पा, लोकांच्या अक्कलदाढेमागचं बघते मी, हे काय अवघड आहे," म्हणत डॉक्टरीणबाईंनी आरसा आत सरकवला. "मोठं उघडा... सॉरी, सवय. हं, दिसला. लिहा, सर. सात, एक, नऊ, शून्य, सहा."

सरांनी कागद पाहिला. कागदावर होतं: पाच, दोन, चार, आठ, तीन.

"आरशात उलटं दिसतंय," सर म्हणाले.

"सर, तेवीस वर्षं मी आरशातूनच वाचतेय."

सरांनी तरी शास्त्राप्रमाणे घरातला दाढीचा आरसा आणला, दोन आरसे समोरासमोर धरून प्रतिमा सुलटी केली, आणि स्वतः डोळा लावला. सात, एक, नऊ, शून्य, सहा. चार वर्षं ते जी गाडी चालवत होते, तिच्या पोटात दुसऱ्याच कुणाचं तरी इंजिन होतं. चोरीचं? कुणाचं? डोळ्यांपुढे शाळेच्या मुख्याध्यापिका, शिक्षकांची खोली आणि रसायनशास्त्राच्या बाई उभ्या राहिल्या.

अप्पा जिन्याच्या पायरीवर बसले होते. आपल्या घराच्या खिडकीकडे एकदा बघून, आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुम्ही दातात सिमेंट भरता ना? तसे एखाद-दोन आकडे भरून..."

"अप्पा!" डॉक्टरीणबाई थक्क झाल्या. "मी दात भरते, आकडे नाही. आणि इथे एखादा दात नाही, पूर्ण कवळीच बदललीय."

त्या गेल्यावर अप्पांनी सांगून टाकलं.

गाडी घेऊन तिसरं वर्ष. रस्त्यात तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, थांबवा, काहीतरी जळतंय. अप्पा म्हणाले, काही होत नाही. त्या घरी उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी आजारी आईजवळ महिनाभर राहायला गेल्या. अप्पा तशीच गाडी घेऊन तीन दिवस फिरले. चौथ्या दिवशी इंजिन जाम झालं ते झालंच. भंगारवाल्याकडे त्याच जातीचं एक निघालं, ते बसवलं. सासूबाई परत आल्या, गाडीत बसल्या, काही बोलल्या नाहीत. पुढच्याच रविवारी बहिणीकडे जाऊन म्हणाल्या, अजून कंपनीचंच इंजिन आहे.

"मग मी काय करणार होतो?" अप्पा म्हणाले. "बहिणीसमोर म्हणाली हो ती. तेव्हापासून दर रविवारी म्हणते. अठ्ठावीस वर्षं, जावईबापू. एवढा अभिमान तिला. तिला कळलं तर..." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "गाडी भंगारात घाला. पण तिला सांगू नका."

ज्याला सर विनय समजत आले होते, तो विनय नव्हता. आणि ते 'घेऊन टाका', ती ब्रॅकेटची रुंदी, तो ऊब देणारा थर, सगळं एकदम लख्ख झालं. घासलेल्या इंजिनासारखं.

ते एकटेच तपासणी कचेरीत गेले आणि निरीक्षकांना सगळं खरं सांगितलं. निरीक्षक मुळीच दचकले नाहीत. "होतं असं. इंजिन बदलल्याची नोंद करून घ्या. चोरीच्या यादीत नंबर नसला म्हणजे झालं." त्यांनी यादी पाहिली, नव्हता. "हा फॉर्म. सोबत इंजिन घेतल्याची पावती. आणि इथे मालकाची सही. 'मला या बदलाची माहिती आहे' याच्याखाली."

"मालकाची?"

"कागदावर ज्यांचं नाव आहे त्यांची."

सर फॉर्म घेऊन घरी आले. अप्पांनी 'पावती' हा शब्द ऐकला आणि "अठ्ठावीस वर्षांपूर्वीची पावती कुठून आणू? तेव्हाच फेकली" म्हणून डोकं धरलं. सहीचं सरांनी सांगितलंच नाही. सांगायची गरज पडली नाही, कारण सासूबाई आतून चष्मा लावत बाहेर येत होत्या.

"आणा तो फॉर्म."

सासूबाईंनी फॉर्म वाचला, सही केली, तारीख घातली, आणि कपाटातल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यातून घडी घातलेला पिवळा कागद काढून सरांच्या हातात ठेवला. 'एक इंजिन, वापरलेले', खाली भंगारवाल्याचा शिक्का आणि वेडेवाकडे आकडे: सात, एक, नऊ, शून्य, सहा.

"अगं, तुला..." अप्पांनी डोक्यावरचा हात काढला.

"तुमच्या पँटच्या खिशात होती. धुवायला टाकण्याआधी खिसे मी बघते, हे तुम्हाला अजून माहीत नाही?" सासूबाई म्हणाल्या. "आणि पावतीची तरी काय गरज होती? आईकडून आले, गाडीत बसले, तुम्ही किल्ली फिरवलीत. आवाजच दुसरा. बत्तीस वर्षं टेलिफोनवर बसले मी. माणूस बदलला की 'हॅलो'लाच कळतं."

"मग दर रविवारी ते... कंपनीचं इंजिन..."

"म्हटलं, कधीतरी कबूल कराल. पहिल्यांदा बोलले तेव्हा तुम्ही जमिनीकडे बघितलंत. म्हटलं, पुढच्या रविवारी करतील." त्यांनी चष्मा काढला. "मग सवय झाली. 'काही होत नाही' म्हणाला होतात ना? झालं ना?"

अप्पांनी मान हलवली. अठ्ठावीस वर्षांनी पहिल्यांदाच ती जमिनीकडे नाही, बायकोकडे बघत हलली. "झालं," ते म्हणाले. "तू म्हणाली होतीस, थांबवा. थांबायला हवं होतं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि फॉर्मवरची शाई वाळली का ते बघायला लागल्या.

शनिवारी गाडी पास झाली. ब्रॅकेटआडचा नंबर निरीक्षकांनी डॉक्टरीणबाईंच्या आरशातून स्वतः पाहिला, पावतीशी ताडला, आणि आरसा कुठे मिळतो ते विचारून घेतलं.

रविवारी सगळे बहिणीकडे गेले. वाटेत अप्पा चक्क गुणगुणत होते. अठ्ठावीस वर्षांची शिक्षा भोगून सुटलेला माणूस जसा गुणगुणेल तसे. पोचल्यावर सासूबाई चपला काढू लागल्या. अप्पांचं गुणगुणणं थांबलं. आज त्या काय म्हणणार?

"ऐकलंस का गं," सासूबाई बहिणीला म्हणाल्या, "गाडीला नवा संच बसवलाय. जावईबापूंनी स्वतःच्या हातांनी बसवला, सगळा. मिस्त्रीचं बोटसुद्धा लागू दिलं नाही."

असं म्हणून त्या सरांकडे बघत राहिल्या.

दुपारची झोप! म्हणजे त्या झोपल्याच नव्हत्या. मिस्त्रींची पावलं, पान्याचा आवाज, 'कुणाला सांगत नाही' हे शब्द, सगळं त्या तळमजल्यावरच्या खिडकीतून... सरांनी तोंड उघडलं. बहीण कौतुकाने बघत होती, बायको अभिमानाने बघत होती.

सरांनी जमिनीकडे बघितलं.

अप्पा त्यांच्या शेजारी सरकून बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जावयाच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आजच सांगून टाका, जावईबापू. मी पुढच्या रविवारी सांगू म्हटलं होतं."